रजिस्टरमध्ये हजर, औषधाविना घरी

मानसिक आरोग्याच्या सरकारी अहवालात आपल्या वस्तीतला माणूस कुठे असतो?

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका मावशींबरोबर आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो होतो. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. त्यांचा मुलगा तिशीतला. सहा वर्षांपासून त्याला स्किझोफ्रेनियाचे औषध चालू आहे आणि ते त्याला चांगले लागू पडले होते. पोरगा मार्केटात हमालीला जायचा, रात्री वेळेवर झोपायचा, घरात दोन पैसे द्यायचा. आजार होता, पण घर चालले होते.

त्या दिवशी केसपेपर काढला, दीड तास रांगेत बसलो. डॉक्टरांनी विचारपूस केली, चिठ्ठी लिहिली. औषधाच्या खिडकीवर मात्र उत्तर मिळाले, "ही गोळी आलेली नाही, बाहेरून घ्या." मावशी म्हणाल्या, "मागच्या महिन्यातही असंच सांगितलं होतं." त्यांनी चिठ्ठीची घडी करून पिशवीत ठेवली. मेडिकलमधून दहा दिवसांच्या गोळ्या घेतल्या. त्या दिवशी पिशवीत तेवढेच पैसे होते. पुढच्या महिन्यात त्या दवाखान्यात गेल्याच नाहीत. कामाचा खाडा करायचा, रिक्षाचे पैसे घालवायचे आणि चिठ्ठी घेऊन परत यायचे, तर जायचे कशाला?

दिवाळीच्या आधी मुलाची झोप उडाली. कानात आवाज येतात म्हणू लागला. एका रात्री घरातून निघून गेला. वस्तीतल्या पोरांनी दोन रात्री शोध घेतला, तेव्हा तो स्टेशनच्या पुलाखाली सापडला. त्याला दाखल करावे लागले. आता तो घरी आहे, औषध चालू आहे. पण हमालीचे काम गेले ते गेलेच.

हे सांगण्याचे कारण वेगळे आहे. या तीन महिन्यांत हा मुलगा सरकारी कागदावर कसा दिसला असेल, याचा आम्ही विचार करू लागलो. पहिल्या दोन महिन्यांत तो रजिस्टरमध्ये हजर होता: "जुना रुग्ण, एक." गोळी मिळाली की नाही, हे त्या नोंदीतून कळत नाही. तिसऱ्या महिन्यात तो आला नाही, म्हणून नोंदही नाही. जो आला त्याचीच नोंद होते. जो यायचा थांबला त्याच्यासाठी रजिस्टरात ओळच नसते. म्हणजे कागदावर सगळे ठीक होते आणि घरात आकाश कोसळले होते.

वाचकहो, म्हणून या वेळी आपण आजाराबद्दल नाही, तर आजाराच्या आकड्यांबद्दल बोलणार आहोत. हा विषय ऑफिसातल्या बाबूंचा वाटतो. पण पुढच्या वर्षी किती औषध मागवायचे, डॉक्टरचे पद भरायचे की नाही, निधी वाढवायचा की कापायचा, हे याच आकड्यांवर ठरते. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी गोळी मागवली जात नाही.

कार्यक्रम आहे, पथक आहे

आपल्या देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. मोठ्या शहरातल्या मनोरुग्णालयाबाहेर, साध्या दवाखान्यातही हे उपचार मिळावेत, हा त्याचा हेतू. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने त्याचा प्रयोग केला. त्या धर्तीवर १९९६ साली ४ जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज तो देशातल्या ७०० हून अधिक जिल्ह्यांत आहे. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पण आपल्या माणसाला दर महिन्याला तिथे जावे लागू नये, म्हणूनच जिल्ह्याचा हा कार्यक्रम आहे.

या कार्यक्रमात प्रत्येक जिल्ह्याला एक पथक मंजूर असते. त्यात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असतात. शिवाय दोन पदे अशी आहेत, ज्यांच्याबद्दल वस्तीत कुणी ऐकलेले नसते. एक संनियंत्रण व मूल्यमापन अधिकारी आणि दुसरा रुग्णांच्या नोंदी ठेवणारा सहायक. म्हणजे काम किती झाले, कसे झाले, कोण यायचा थांबला, हे बघण्यासाठी सरकारनेच माणसे ठरवून दिली आहेत. आपल्या जिल्ह्यात ही दोन पदे भरलेली आहेत का, हा आपला पहिला प्रश्न असला पाहिजे.

आकड्याचा प्रवास

केसपेपर निघाला की ओपीडीच्या रजिस्टरमध्ये नाव, वय, पत्ता, आजार आणि नवा की जुना रुग्ण ही नोंद होते. महिन्याच्या शेवटी रजिस्टरची बेरीज होते. ती बेरीज जिल्ह्याला जाते, जिल्ह्याकडून राज्याला, राज्याकडून केंद्राला. सोबत शिबिरे किती झाली, प्रशिक्षणे किती झाली, शाळा-कॉलेजात कार्यक्रम किती झाले, हेही जाते.

याशिवाय सगळ्या सरकारी दवाखान्यांची एक सर्वसाधारण मासिक माहिती केंद्राच्या संगणकप्रणालीत भरली जाते. त्यात लसीकरण आणि बाळंतपणासाठी कितीतरी ओळी आहेत. मानसिक आजाराच्या बाह्यरुग्णांसाठी आकड्याची एक ओळ आहे. नैराश्य असो, स्किझोफ्रेनिया असो की जिवावर बेतलेला ताण असो, सगळे त्या एका ओळीत. तो रुग्ण कोणत्या वस्तीतला, कोणत्या समाजातला, बरा झाला की नाही, हे त्या ओळीतून कळत नाही.

या आकड्यात चूक कुठे होते, ते एका उदाहरणाने बघू. समजा एका दवाखान्याने वर्षाला १०० भेटी दाखवल्या. याचा एक अर्थ असा, की १०० माणसे एकेकदा आली आणि पुन्हा फिरकली नाहीत. दुसरा अर्थ असा, की १० माणसे दहा-दहा महिने नियमित आली आणि सावरली. बेरीज दोन्हीकडे १००. पहिल्या दवाखान्यात काहीतरी बिघडले आहे, दुसऱ्यात काम चांगले चालले आहे. पण वर पाठवलेल्या कागदावर दोन्ही दवाखाने सारखेच दिसतात.

शिबिराचेही तसेच. बॅनर लागला, फोटो निघाला, ८० लोकांच्या सह्या झाल्या. अहवालात एक शिबिर आणि ८० लाभार्थी. त्या ८० जणांतले किती जण नंतर दवाखान्यापर्यंत पोहोचले? अहवाल तिथे गप्प असतो.

याचा दोष एकट्या सिस्टरांना किंवा लिपिकाला देऊन चालणार नाही. ज्या फॉर्ममध्ये रकाना नाही, तिथे ते तरी काय लिहिणार? जे विचारले जाते तेच भरले जाते. प्रश्न बदलला, तर उत्तर बदलेल.

जे दवाखान्यात पोहोचलेच नाहीत

दवाखान्यात येणाऱ्यांचे आकडे कितीही नीट ठेवले, तरी न येणारे त्यात नसतात. त्यासाठी घरोघरी जाऊन पाहणी करावी लागते. अशी मोठी पाहणी निम्हान्सने २०१५-१६ साली केली. १२ राज्यांत सुमारे ३५ हजार प्रौढांना विचारले गेले. त्यात असे दिसले, की शंभरातल्या जवळजवळ ११ प्रौढांना त्या वेळी उपचाराची गरज असलेला मानसिक आजार होता. आजारानुसार, गरज असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. ज्या घरांत आजार होता, त्यांना औषधपाणी आणि येण्याजाण्यासाठी महिन्याला साधारण हजार ते दीड हजार रुपये खर्च येत होता. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात हा महिन्याच्या किराण्याचा पैसा असतो.

एक गोष्ट लक्षात ठेवू. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या वस्त्यांचे चित्र त्या पाहणीत नाही.

दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आत्महत्यांचा अहवाल आहे. २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या २२ हजार ७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त. देशात दर चार जणांमागे एकाहून जास्त जण रोजंदारीवरचे मजूर होते. हा आकडा आपल्या दारातला आहे. त्या अहवालात वय, शिक्षण, उत्पन्न, धंदा यांचे तक्ते आहेत, पण छापलेल्या तक्त्यांत जातीचा तक्ता नाही. कॉलेजात, नोकरीत, भाड्याच्या खोलीसाठी फिरताना जातीमुळे मनावर काय ओझे येते, हे आपण जाणतो. पण जे कागदावर येत नाही, ते धोरणातही येत नाही.

दुसरीकडे काय मोजतात?

इंग्लंडमध्ये नैराश्य आणि चिंता यांवर बोलून उपचार करण्याची सरकारी सेवा २००८ पासून चालते. तिथे जवळजवळ प्रत्येक भेटीला रुग्णाकडून एक छोटी प्रश्नावली भरून घेतात: झोप कशी, मन कसे, काम जमते का. पहिल्या आणि शेवटच्या भेटीतले गुण ताडून बघतात. त्यांनी स्वतःला लक्ष्य घालून घेतले आहे. शंभरातल्या ७५ जणांचे उपचार ६ आठवड्यांत आणि ९५ जणांचे १८ आठवड्यांत सुरू झाले पाहिजेत. आणि उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी निम्मे तरी बरे झाले पाहिजेत. हे आकडे ठरावीक काळाने जाहीर होतात. कोणत्या वंशाच्या लोकांना किती गुण आला, तेही त्यात असते. तिथल्या अल्पसंख्य समाजांतल्या लोकांना गुण कमी येतो, ही गोष्ट त्यामुळेच सरकारला मान्य करावी लागली.

अमेरिकेत केंद्राचा मानसिक आरोग्य निधी घेणाऱ्या राज्यांना आणखी काही गोष्टी कळवाव्या लागतात. रुग्णाला राहायला घर आहे का, तो कामाला जातो का, सेवेबद्दल त्याचे स्वतःचे मत काय.

तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. लक्ष्य गाठायच्या नादात सोपे रुग्ण आधी घ्यायचे आणि अवघड रुग्ण टाळायचे, ही भीती तिथेही असते. पण मुद्दा पटण्यासारखा आहे. माणूस किती वेळा आला हे मोजून भागत नाही. तो कामावर परतला का, रात्री झोपतो का, हे मोजले पाहिजे. मावशींच्या मुलासाठी असा एक रकाना असता, "औषध मिळाले की नाही", तर कदाचित तिसरा महिना आलाच नसता.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे आणि २०१८ पासून लागू आहे. त्याच्या १८व्या कलमानुसार सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्यात जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव चालणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, हे उपचार मोफत आहेत. आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वरच्या सरकारी दवाखान्यांत सर्व काळ मोफत मिळाली पाहिजेत, असेही त्यात आहे. म्हणजे "बाहेरून घ्या" हे उत्तर कायद्याला धरून नाही.

बऱ्याच घरांना भीती वाटते, की रजिस्टरमध्ये नाव आले की पोरीचे लग्न मोडेल, पोराची नोकरी जाईल. म्हणून लोक पत्ता चुकीचा देतात, फोन शेजाऱ्याचा देतात. मग औषध थांबले, तर सिस्टर फोन कुणाला करणार? ही भीती खोटी नाही. पण कायद्याने तिच्यावर उपाय ठेवला आहे. २३व्या कलमाने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. वर जातो तो बेरजेचा आकडा. २५व्या कलमाने रुग्णाला आपल्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मिळण्याचा हक्क आहे. म्हणून दवाखान्यात पत्ता आणि फोन खरा द्या, आणि आपली माहिती बाहेर जाऊ नये, हेही ठासून सांगा.

आपण काय करायचे?

घरात एक वही ठेवा. दोन रुपयांची असली तरी चालेल. प्रत्येक भेटीची तारीख, गोळीचे नाव, किती दिवसांची लिहिली, किती दिवसांची मिळाली, बाहेरून किती रुपयांची घ्यावी लागली, एवढेच लिहा. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या नातवंडाकडून लिहून घ्या. मावशींनी अशी वही ठेवली असती, तर त्या दोन महिन्यांचा पुरावा आज हातात असता. चिठ्ठी फेकू नका.

आशाताई घरी येतात तेव्हा तिशीपुढच्या माणसांचा एक फॉर्म भरतात. त्यात साखर आणि रक्तदाबाच्या जोखमीबरोबर मनाबद्दलही दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असे किती वेळा झाले, आणि मन उदास, निराश किती वेळा होते. आपल्याकडे सासू समोर बसलेली असते, शेजारीण दारात उभी असते. मग उत्तर येते, "काही नाही, सगळं बरं आहे." आणि फॉर्मवर शून्य पडते. ताईंना सांगा, हे दोन प्रश्न बाजूला घेऊन विचारा. उत्तर खरे द्या. गुण जास्त आले, तर तुम्हाला आरोग्य केंद्रात पाठवणे हे त्यांचे काम आहे.

शहरातल्या वस्त्यांत महिला आरोग्य समित्या असतात, दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती असते. महिला मंडळातल्या दोघीचौघींनी तिथे हे प्रश्न विचारावेत:

१. मानसिक आजाराचे नवे रुग्ण किती, जुने किती? भेटी नव्हे, माणसे किती?
२. मागच्या सहा महिन्यांत कोणते औषध किती दिवस संपलेले होते?
३. येणे बंद केलेले रुग्ण किती? त्यांतल्या किती जणांना फोन किंवा घरभेट झाली?
४. पथकातली कोणती पदे रिकामी आहेत, आणि कधीपासून?
५. शिबिरातून दवाखान्यात पाठवलेले किती, आणि प्रत्यक्षात पोहोचलेले किती?

तोंडी उत्तर मिळाले नाही, तर हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. नाही मिळाले तर पहिले अपील. अर्ज छोटा ठेवा, एका अर्जात एकच विषय घ्या. कुणाही रुग्णाचे नाव मागू नका. ते मिळणार नाही आणि मिळूही नये. आपल्याला हवी आहे ती बेरीज.

आणि आपली स्वतःची मोजणी? तीही करता येईल, पण फार जपून. विहारात महिला मंडळाची बैठक असेल तेव्हा एक डबा ठेवा. ज्यांच्या घरात गेल्या सहा महिन्यांत मनाच्या आजाराची गोळी सरकारी दवाखान्यात मिळाली नाही, त्यांनी एक दाणा टाकायचा. ज्यांच्या घरात असे झाले नाही, त्यांनी रिकामी मूठ डब्यात घालून काढायची, म्हणजे कुणी काय टाकले हे कळणार नाही. नाव नाही, चिठ्ठी नाही, यादी तर मुळीच नाही. शेवटी दाणे मोजायचे. "आमच्या वस्तीत इतक्या घरांचे औषध तुटले" एवढे एक वाक्य समितीपुढे पुरेसे असते. त्यात कुणाची अब्रू जात नाही आणि कुणाला ते खोडूनही काढता येत नाही.

तोवर एवढे लक्षात असू द्या

औषध मिळाले नाही म्हणून किंवा बरे वाटते म्हणून गोळी एकदम बंद करू नका. दवाखान्यात गोळी नसेल, तर त्याच वेळी डॉक्टरांकडे परत जा आणि दवाखान्यात उपलब्ध असलेली दुसरी गोळी चालेल का, ते विचारा. झोप उडणे, एकट्याने बडबडणे, जेवण सोडणे, संशय घेणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, ही लक्षणे दिसली तर वाट बघू नका आणि त्या माणसाला एकटे सोडू नका.

टेलिमानस ही सरकारची मोफत फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असते, मराठीतून बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला कायदा आता तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानतो. त्याला उपचार आणि पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

मावशींनी आता वही घातली आहे. पहिल्या पानावर मुलाचे नाव नाही, नुसती तारीख आणि गोळ्यांचा हिशेब आहे. परवा त्या खिडकीवर गेल्या तेव्हा पुन्हा "आलेली नाही" म्हणाले. मावशींनी वही पुढे केली आणि म्हणाल्या, "मग यावर तसं लिहून द्या." आतला माणूस जरा थांबला, आत गेला आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन आला. उरलेल्या पंधरा दिवसांचे काय, ते पुढच्या समितीच्या बैठकीत आम्ही विचारणार आहोत. तुमच्या वस्तीतल्या बैठकीत तुम्हीही विचारा.